पाव गोळी

माझे केस गेले ते टाळूवरून. समोरून बघणाऱ्याला मी बरा दिसायचो. पण मुलगी बघायला गेलेल्या माणसाला दारात वाकून बूट काढावे लागतात, आणि मुलीकडची वडीलधारी माणसं नेमकी त्याच वेळी स्वागताला दारात उभी असतात. बूट काढून मी मान वर करायचो, तेव्हा त्यांची नजर माझ्या डोक्यावरून चेहऱ्यावर उतरत असायची. पुढचे पोहे, चहा, सुपारी हा सगळा नुसता उपचार. निरोप मला दारातच कळलेला असायचा.

मी निमगाव सावाचा. द्राक्षाची बाग, विहिरीला पाणी, व्यसन कसलं नाही, एकुलता एक. बायोडाट्यात एवढं वाचल्यावर कुणालाही वाटेल, या मुलात कमी काय आहे? कमी हे, की मी शेती करतो. मुलीच्या बापाला जावयाच्या नावावर जमीन हवी असते, पण जमीन कसणारा जावई नको असतो. तो पुण्यात किंवा चाकणच्या कंपनीत पाहिजे, आणि जमीन त्याच्या माघारी दुसऱ्या कुणीतरी कसली पाहिजे. हे मी रागाने लिहितोय, कारण राग अजून गेलेला नाही. वयाची बत्तीस वर्षं ओलांडली तेव्हा माझ्या एवढं लक्षात आलं होतं की शेतीबद्दल मला काही करता येणार नाही. केसांबद्दल येईल, असं वाटलं.

घरात आम्ही तिघं. आई, मी आणि वडील. वडिलांना मी दादा म्हणतो. दादांच्या डोक्यावर बारा महिने पांढरी टोपी. अंघोळीला जाताना ती मोरीच्या दारावरच्या खुंटीला, आणि अंग पुसायच्या आधी परत डोक्यावर. टोपीखाली टक्कल आहे आणि ते तिशीच्या आतच पडलं होतं, हे मला आईने सांगितलं, तेही मी आरशासमोर जरा जास्तच वेळ काढायला लागल्यावर.

"त्यांला कुणी इचारलंच न्हाई," आई म्हणाली. "मी सोता लग्नानंतर चार दिसांनी बघितलं."

ती हसली. मला हसू आलं नाही. त्यांच्या काळात टोपी होती, मुलीला विचारायची पद्धत नव्हती आणि नवरा म्हणजे शेती करणाराच असायचा. सगळं त्यांच्या सोयीचं होतं आणि त्यातलं मला फक्त टक्कल मिळालं, असं मी तेव्हा मनात म्हणायचो. बापाबद्दल इतक्या कोत्या मनाने विचार केला होता, हे लिहिताना लाज वाटते.

दादांचं दुखणं वेगळं होतं. त्यांना लघवी साफ व्हायची नाही. बागेत काम करता करता बांधाकडे जायचे, तिथे उभे राहायचे ते राहायचेच. परत यायचे, आणि कात्री हातात घेतात न घेतात तोच पुन्हा बांधाकडे. आई बघत होती, मी बघत होतो, कुणी काही बोलत नव्हतं. आमच्या घरात कांद्याच्या भावापासून भाऊबंदांच्या भांडणापर्यंत सगळ्यावर मोठ्याने बोलतात, पण कमरेखालचं काही निघालं की प्रत्येकाला एकदम काहीतरी काम आठवतं. माझे आजोबा लघवी तुंबून गेले, हेही मला घरात नाही, चावडीवर कळलेलं.

शेवटी मीच दादांना मोटारसायकलवर बसवून मंचरला एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर शांत माणूस होता. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते, उतारवयात ती फुगते आणि वाट आवळून धरते. त्यांनी रोजच्या दोन गोळ्या दिल्या. एक वाट सैल करणारी, तिचा फरक आठवड्यात कळतो. दुसरी ती ग्रंथीच हळूहळू आकसवणारी. "हिचा गुण यायला सहा महिने लागतात," डॉक्टर म्हणाले. "काही फरक वाटला नाही तरी सोडायची नाही. खाडा करायचा नाही."

दादांनी चपलांकडे बघत सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "तुझ्या आईला चित्राबित्राचं सांगू नको. गोळ्या चालू केल्यात म्हणून सांग."

गोळ्या आणायचं काम माझ्याकडे आलं. महिन्यातून एकदा नारायणगावच्या मेडिकलमधून आणायच्या आणि टीव्हीशेजारच्या फळीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, त्यात ठेवायच्या. दादा रात्रीच्या जेवणानंतर त्यातून काढून घ्यायचे. दोन-तीन महिने सगळं सुरळीत चाललं.

त्याच सुमारास मी घरात कीटकनाशकाचं काम सांगून पुण्याला गेलो आणि एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना डोकं दाखवलं. त्यांनीही एक गोळी लिहून दिली. रोज एक, बरीच वर्षं, गेलेले केस फारसे परत येणार नाहीत पण आहेत ते टिकतील. परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी पाकीट काढलं आणि सवयीने वाचायला लागलो.

द्राक्षवाल्यांची एक सवय असते. औषधाची बाटली हातात आली की आम्ही वरचं मोठं नाव वाचत नाही, खालचं बारीक वाचतो. वरचं नाव कंपनीने ठेवलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत टेक्निकल असतं, म्हणजे आत खरोखर काय आहे ते. दुकानदार तीन रंगांच्या तीन बाटल्या समोर मांडतो आणि तिन्हींत टेक्निकल एकच निघतं. हे मला दादांनी शिकवलं. मी शाळेत होतो तेव्हापासून ते दुकानात मला बाटली हातात देऊन म्हणायचे, "नावाला भुलायचं न्हाई. टेक्निकल वाच." ती सवय बागेत फार उपयोगी पडली. घरात मात्र ती आम्हाला भोवली.

पाकिटावर बारीक अक्षरांत होतं, फिनास्टेराइड, एक मिलिग्रॅम. हे नाव मी कुठेतरी वाचलं आहे असं वाटत राहिलं. घरी पोचल्यावर मी हातपाय धुवायच्या आधी टीव्हीशेजारचा डबा उघडला. दादांची दुसरी गोळी, ग्रंथी आकसवणारी. फिनास्टेराइड, पाच मिलिग्रॅम. मी तिथेच उभा राहून एकटाच हसलो. बापाची लघवी आणि माझे केस, टेक्निकल एकच.

माझं पाकीट महिन्याभरात संपलं. पुण्याला पुन्हा जायला नवं कारण शोधावं लागणार होतं. नारायणगावचा मेडिकलवाला आमच्या भावकीतल्या एकाचा मेहुणा. त्याच्याकडे केसांची गोळी मागितली असती तर मी घरी पोचायच्या आत गावाला कळलं असतं, आणि दादांची एक पट्टी जास्त मागितली असती तर तो काळजीने विचारणार, दादांचं दुखणं वाढलं का? मग खोटं बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा मला चोरी सोपी वाटली, कारण चोरीत काही बोलावं लागत नाही.

हिशेब मी फवारणीच्या डोक्याने केला. पाचाच्या गोळीचे चार तुकडे, एकेक सव्वाचा. मला लागते एकाची, म्हणजे पाव जास्त, तेवढं मागंपुढं चालतं. मला चार दिवसांना एक गोळी पुरणार, म्हणजे दादांच्या वाट्याच्या महिन्यातल्या सात-आठ जाणार. दहा पंपांना औषध थोडं पातळ झालं म्हणून रोग एकदम उसळत नाही, हे मी दरवर्षी बघतो. माणसालाही मी तेच माप लावलं. बागेचा डोस कमीजास्त करायला मी डॉक्टरला विचारत नाही, मग इथे तरी कशाला विचारायचं, असं मला वाटलं. आमच्यासारख्या हाताने औषधं कालवणाऱ्या माणसालाच असली बुद्धी सुचू शकते.

कलम करायच्या चाकूने मी गोळीचे नीट चार तुकडे करायचो आणि साखरपुड्यासाठी आईने आधीच करून ठेवलेल्या अंगठीच्या रिकाम्या डबीत ठेवायचो. डबी माझ्या कपाटात, शर्टांच्या खाली. गोळीबरोबर एक कागद येतो, तोही मी वाचला होता. फोडलेल्या गोळीला गरोदर बाईने हात लावू नये, पोटातल्या मुलाला धोका असतो, असं त्यात लिहिलं होतं. आमच्या घरात तशी कुणी नव्हती, तरी मी झाकण घट्ट लावायचो. एवढी काळजी मी जन्मालाही न आलेल्या मुलाची घेतली. समोर बसून भाकरी खाणाऱ्या बापाची घेतली नाही.

त्याच कागदात असंही होतं की काही पुरुषांची इच्छा कमी होते. माझी झाली का, हे मला आजही सांगता येत नाही. लग्नच नव्हतं, तर ताडून कशाशी बघणार?

दोन महिन्यांनी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी चार दिवसांना एक गोळी काढत होतो, तर महिनाअखेरीस सात-आठ दिवसांची तूट पडायला हवी होती. तूट पडत नव्हती. उलट डब्यात गोळ्या उरत होत्या. त्या दुसऱ्या गोळीच्या पट्ट्या एकावर एक साचायला लागल्या. वाट सैल करणारी पहिली गोळी मात्र बरोबर संपत होती. मला वाटलं, म्हातारा विसरतो. पहिलीचा गुण लगेच कळतो म्हणून तिची आठवण राहते, दुसरीचा कळत नाही म्हणून राहून जाते.

त्या वेळी मी काय केलं? मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. माझ्यामुळे काही कमी पडत नाही, त्यांच्याच विसराळूपणामुळे उरतंय, तर त्यातलं मी घेतलं म्हणून काय बिघडलं? दादा, तुम्ही ती दुसरी गोळी घेत नाही का, एवढा एकच प्रश्न विचारायचा होता. पण तो विचारला असता तर डबा गुपचूप कोण उघडतंय हेही बाहेर आलं असतं. मी विचारलं नाही आणि पुढच्या महिन्यात नवीन पट्टी आणून वर ठेवली.

केस गळायचे थोडे थांबले. निदान मला तसं वाटायचं. द्राक्षाची विरळणी सुरू झाली तेव्हा घाटघरकडच्या बाया कामाला आल्या होत्या. त्यांची डोंगरावरची भातं निघाली की त्या दरवर्षी आमच्या बागेत येतात, त्यामुळे त्यांचं बोलणं मोकळं असतं. मी दिवसभर क्रिकेटची टोपी घालून फिरायचो. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, टोपी काढा की जरा. डोसक्याला ऊन लागू द्या, काय उगवल तर उगवल." सगळ्या खळखळून हसल्या. पलीकडच्या ओळीत दादा होते. त्यांनीही ऐकलं असणार. ते हसले नाहीत, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बांधाकडे निघून गेले. हल्ली ते पुन्हा बांधावर बराच वेळ उभे राहायला लागले होते. मी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

पौषानंतर घोडेगावच्या बाजूचं एक स्थळ आलं. मुलगी शिकलेली, तिचे वडील पंचायत समितीत कारकून. त्यांनी शेती करणारा मुलगा चालेल असं स्वतःहून कळवलं होतं. एवढं ऐकूनच आईच्या डोळ्यांत पाणी आलं. दादांनी नवीन टोपी काढली. मी त्या सकाळी पाव तुकडा खाऊन, केस पुढून मागे नीट बसवून गाडीत बसलो.

आमच्याकडे एक संकोच फार जुना आहे. सोयरिकीच्या घरी पहिल्या भेटीला गेल्यावर मुलाकडच्याने मोरी कुठे आहे असं विचारायचं नसतं. कुणी तसा नियम केलेला नाही, पण कुणी विचारतही नाही. त्या घरात आम्ही तीन तास बसलो. आधी पाणी, मग चहा, मग पोहे, पुन्हा पाणी, शेजारच्यांकडे दुसरा चहा. दादा प्रत्येक वेळी कप रिकामा करत होते, कारण नाही म्हणणं वाईट दिसतं. तासाभराने त्यांनी मांडी बदलली. मग उजवा हात पोटावर ठेवला. मग बोलणं बंद केलं. मला दिसत होतं. मुलगी माझ्यासमोर बसली होती, पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी द्राक्षाच्या जातींबद्दल मनापासून बोलत होतं, आणि मला वाटत होतं की अजून दहा मिनिटं मिळावीत. मी उठलो असतो तर दादा सुटले असते. मी उठलो नाही.

बाहेर पडल्यावर मंचरच्या अलीकडे दादांनी गाडी थांबवायला लावली. उसाच्या कडेला गेले. आम्ही वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "जाऊन बघ रे." ते उसाच्या सरीत खाली बसले होते. टोपी बाजूला पडलेली, चेहरा घामाने भिजलेला. मला बघून म्हणाले, "येतच न्हाई रं. कोंडून राह्यलंय. लई दुखतंय." माझ्या वडिलांना दुखतंय असं म्हणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मंचरला त्याच डॉक्टरांनी नळी घातली. पिशवी भरताना दादांनी डोळे मिटले आणि त्यांच्या तोंडून जो सुस्कारा निघाला तो मला अजून ऐकू येतो. सोनोग्राफी झाली. डॉक्टर जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून बघत बसले.

"ग्रंथी वाढलीय," ते म्हणाले. "गोळी चालू असताना एवढी वाढायला नको होती. गोळी रोज घेता ना?"

"रोज," दादा म्हणाले. "एक दिस चुकली न्हाई."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. घरच्या डब्यात साचलेल्या पट्ट्या मला तिथून दिसत होत्या. दादा खोटं बोलत होते हे मला कळलं. मला वाटलं, डॉक्टर रागावतील म्हणून बोलतायत. मी गप्प राहिलो.

नळी काही दिवसांनी निघाली. पुढे महिना-दीड महिन्याने रक्ताची एक तपासणी झाली, या ग्रंथीत कॅन्सर आहे का याचा अंदाज देणारी. तिचा आकडा थोडासाच वर होता. पण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ही गोळी घेणाऱ्याच्या रक्तात हा आकडा निम्मा दिसतो," ते म्हणाले. "म्हणून आम्ही तो दुप्पट धरतो. दुप्पट धरला तर हा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पुण्याला जाऊन तुकडा काढून तपासावा लागेल." मग दादांकडे बघून पुन्हा एकदा विचारलं, "गोळी नियमित आहे ना? हे महत्त्वाचं आहे म्हणून विचारतोय."

"नियमित हाय," दादा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही आणता ना गोळ्या? बरोबर आहे?"

एक वाक्य पुरेसं होतं. डॉक्टर, यांनी कित्येक महिन्यांत ती गोळी घेतलेली नाही. एवढ्याने आकडा दुप्पट धरायचं कारण उरलं नसतं, आणि कदाचित दादांच्या शरीरात सुया घालायची वेळही आली नसती. पण मग पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत? आणि मग डबा, चाकू, अंगठीची डबी, केस. घोडेगावचा निरोप अजून यायचा होता. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर आमच्या ओळखीची दोन माणसं बसली होती. मी म्हणालो, "हो, बरोबर आहे."

माझ्या आयुष्यात मी इतकं स्वस्त वाक्य दुसरं बोललेलो नाही.

पुण्यात तपासणी झाली. ती कशी करतात हे मी इथे लिहिणार नाही. दादांना ते लिहिलेलं आवडणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना हुडहुडी भरून ताप आला आणि तीन दिवस सलाईनवर ठेवावं लागलं. रिपोर्ट यायला बरेच दिवस लागणार होते. तेवढ्या दिवसांत आई वाळली. ती चुलीपुढे बसून नुसती तव्याकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "मला एवढंच सांग, त्यांला ते मोठं दुखणं हाय का?" मी म्हणालो, नसेल. मला जवळजवळ खात्री होती की नाही, आणि ती खात्री कशामुळे होती हे तिला सांगता येत नव्हतं. तिचे ते सगळे दिवस मी वाया घालवले. मी बागेत जायचो आणि स्वतःला शिव्या द्यायचो, मग घरी येऊन गप्प जेवायचो.

मधल्या काळात घोडेगावचा निरोप आला. मुलगा चांगला आहे, पण घरात आजारपण दिसतंय. केसांचं कुणी काही म्हटलं नाही.

रिपोर्ट साफ आला. कॅन्सर नव्हता. पण एवढं सगळं झाल्यावर आणि गोळीने काम होत नाही असं ठरल्यावर डॉक्टरांनी ऑपरेशनच करून टाकू म्हणून सांगितलं. वाट अडवणारा भाग आतून खरवडून काढायचा. तेही झालं. मंचरला चौथ्या दिवशी दादा उशीला टेकून बसले होते. टोपी नव्हती, आईने ती धुवायला नेली होती. दुपारच्या उजेडात त्यांचं डोकं अगदी उघडं, माझ्यासारखंच, टाळूवरून सुरू होऊन मागे पसरत गेलेलं. आई खाली चहा आणायला गेली. दादांनी दाराकडे बघून खात्री केली आणि आवाज खाली केला.

"एक इचारू का?"

"विचारा ना."

"तुझी लघवी कशी हाय आता?"

मला कळेचना. "माझी?"

"आरं, लाजू नको. बापापाशी काय लाजायचं. तुझ्या कपाटात शर्ट ठेवताना डबी पडली हातातून. गोळीचं तुकडं दिसलं. वळखलं मी, टेक्निकल वाचता येतं मलाबी." ते थोडे हसले. "डब्यातल्या गोळ्याबी कमी व्हत व्हत्या. म्हटलं, पोराला बी माझंच लागलं. आज्जाला व्हतं, मला झालं, आता ह्याला. तेबी लग्नाआधी. त्या बायांनी तुझी चेष्टा केली तवा लई वाईट वाटलं मला. म्हटलं, ह्याच्या जिवाला काय लागलंय ते ह्यांला काय म्हाईत."

मी खाली वाकून त्यांच्या चपला सरळ लावायला लागलो.

"मंग मी सोडून दिली ती. तुला कमी नको पडायला. दोघांनी अर्धी अर्धी घेऊन कुणालाच गुण आला नसता. माझं काय, माझं वय झालं. तुझं अख्खं आयुष्य पडलंय." मग म्हणाले, "डॉक्टरला म्हटलं असतं घेत न्हाई, तर त्यांनी इचारलं असतं, कुठं गेल्या? तुझं नाव निघालं असतं. मुलीकडच्यांच्या कानावर गेलं असतं. म्हणून बोललो न्हाई."

म्हणजे त्या खोलीत डॉक्टरांसमोर आम्ही दोघंही एकाच गोळीबद्दल खोटं बोललो होतो. त्यांनी माझ्यासाठी आणि मीही माझ्यासाठीच.

तेव्हा मी सांगायला हवं होतं. दादा, मला काही झालेलं नाही. मी केसांसाठी घेत होतो. एवढी दोन वाक्यं. पण या माणसाने कधी मनातही आणलं नव्हतं की कुणी केसांसाठी गोळी खाईल. आयुष्यभर टक्कल टोपीखाली झाकून तो सुखाने राहिला होता. त्याने कमरेला नळी लावून घेतली होती, सुया टोचून घेतल्या होत्या, ताप काढला होता, आणि त्याच्या हिशेबी या सगळ्याने मुलगा बरा झाला होता. माझ्या दोन वाक्यांनी ते सगळं मातीत गेलं असतं. हा विचार मी त्यांच्यासाठी केला असं मला म्हणावंसं वाटतं. खरं तर मला त्यांच्या नजरेची भीती वाटली.

"बरी आहे आता," मी म्हणालो.

दादांनी मान हलवली. चेहरा असा सैल झाला, जसा पिशवी भरताना झाला होता. "बरं झालं," म्हणाले. "मला आता ती लागायची न्हाई. डब्यात हायेत त्या सगळ्या तुझ्याच. खाडा करू नको."

आई चहा घेऊन आली आणि आम्ही दोघंही एकदम द्राक्षाच्या भावाबद्दल बोलायला लागलो.

त्या संध्याकाळी मी कपडे घ्यायला घरी आलो. टीव्हीशेजारचा डबा उघडला. दादांनी पट्ट्या नीट रचून ठेवल्या होत्या, जुन्या वर आणि नव्या खाली, आम्ही औषधं ठेवतो तशा, म्हणजे जुनं आधी वापरलं जातं. मी सगळ्या फेकायला परसात घेऊन गेलो आणि तिथे उभा राहिलो. मग वरच्या पट्टीतली एक काढली, चाकूने चार तुकडे केले आणि एक खाल्ला. पुढच्या आठवड्यात ओतूरकडचे लोक बघायला येणार होते.

अजून लग्न जमलेलं नाही. केस आहेत तेवढेच आहेत. दादा आता खडखडीत आहेत, बांधावर जातात आणि लगेच परत येतात. अधूनमधून बागेत काम करताना ते घडाकडे बघत, माझ्याकडे न बघता विचारतात, "चालू हाय ना?"

"चालू हाय," मी म्हणतो. मग ते पुढच्या वेलीकडे जातात.